बोटिंगचा धंदा करायचाय? मग आधी ती लाल दोरी समजून घ्या



मागच्या महिन्यात आपल्या बॅचमधल्या एका मुलाने मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. सेकंडहँड ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागे लावतात ते पेट्रोल इंजिन. किंमत बरी वाटत होती, विकणारा घाई करत होता. मुलगा म्हणाला, "सर, बघा ना, घेऊ का?" मी इंजिनाचा माणूस नाही, माझं दुकान आहे हार्डवेअर-इलेक्ट्रिकलचं. पण खटका आणि वायर मला कळते. फोटो मोठा करून पाहिला तर इंजिनाच्या पुढच्या बाजूला एक लाल बटण होतं आणि त्या बटणाखालच्या खाचेत कोणीतरी केबल टाय गुंडाळून घट्ट आवळलेला होता.

मी विचारलं, "हे काय आहे?" तो म्हणाला, "सर, ते विचारलं मी. मालक म्हणाला तिथे एक क्लिप असते, ती हरवली. हे लावलं की इंजिन चालू होतं, काही प्रॉब्लेम नाही."

इंजिन चालू होतं हे खरंच आहे. भानगड अशी की ते मग बंदच होत नाही, आणि ज्या वेळेला बंद व्हायला पाहिजे नेमकं त्याच वेळेला होत नाही. आजचा लेख त्या हरवलेल्या क्लिपवर आणि तिच्या दोरीवर आहे. व्हिडिओत मी हे चार मिनिटांत सांगितलं, पण खाली प्रश्न इतके आले की नीट लिहूनच काढतो.

आधी आपल्याकडे हा विषय आलाच का ते सांगतो. प्रकाशा म्हणजे तापी आणि गोमाईचा संगम. केदारेश्वर, संगमेश्वर, दक्षिण काशी म्हणून येणारे भाविक, अस्थिविसर्जनाला येणारी कुटुंबं, गणपती विसर्जनाला येणारी गर्दी. गुरू सिंह राशीत आला की बारा वर्षांनी पर्वणी. बॅरेज झाल्यापासून पात्रात पाणी उभं राहतं. वरच्या अंगाला सारंगखेडा, तिथेही बॅरेज, आणि दत्तजयंतीला घोड्यांची यात्रा. तोरणमाळला यशवंत तलाव. तिकडे धडगाव-अक्कलकुवा भागात सरदार सरोवराचं बॅकवॉटर आल्यापासून मणिबेलीसारख्या नर्मदाकाठच्या गावांना बोट हीच एसटी आहे. अशा जिल्ह्यात दहा पोरांना बोटीचा धंदा सुचणं काही नवल नाही. कर्जाच्या फाइलमध्ये बोट, इंजिन, लाइफ जॅकेट, तिकीटखिडकी, बॅनर सगळं असतं. ही दोरी मात्र मी आजपर्यंत एकाही कोटेशनमध्ये पाहिली नाही.

ही दोरी करते काय

तुमच्या बाईकच्या उजव्या हँडलवर लाल खटका असतो. मित्राने गंमत म्हणून तो बंद केला की तुम्ही किक मारून मारून घामाघूम होता, आणि मग लक्षात येतं. बोटीचा किल स्विच हा त्याचाच भाऊ. फरक एवढाच की बाईकचा खटका बोटाने दाबायचा असतो, आणि बोटीचा खटका तुमच्या अंगाला बांधलेला असतो.

एक स्प्रिंगसारखी गुंडाळलेली, बहुतेक लाल रंगाची दोरी असते. ताणली तर साधारण चार-पाच फूट. तिच्या एका टोकाला प्लास्टिकची छोटी क्लिप, दुसऱ्या टोकाला हूक किंवा पट्टा. क्लिप इंजिनाच्या खटक्याच्या खाचेत बसते. पट्टा चालकाच्या पायाला, मनगटाला किंवा लाइफ जॅकेटच्या कडीला. चालक जागेवरून उडाला, घसरला, पाण्यात पडला की दोरी ताणली जाते, क्लिप खाचेतून निघते, आणि इंजिन बंद.

आतून काय होतं तेही समजून घ्या, कारण दुरुस्ती तुम्हालाच करून घ्यायची आहे. पेट्रोल इंजिन चालतं ठिणगीवर. क्लिप निघाली की खटक्याच्या आतली स्प्रिंग बटण ढकलते आणि बहुतेक लहान ओबीएममध्ये इग्निशनची वायर थेट अर्थला जोडली जाते. ठिणगीचा करंट प्लगपर्यंत जातच नाही. पेट्रोल टाकीत भरलेलं असलं तरी ठिणगी नाही म्हणजे इंजिन नाही. म्हणून क्लिप नसताना तुम्ही दोरी ओढत बसलात तरी इंजिन पेटत नाही. "नवीन इंजिन स्टार्टच होत नाही" म्हणून मेकॅनिकला बोलावतात, आणि तो येऊन खालची क्लिप उचलून खाचेत बसवतो, व्हिजिटचे पैसे घेऊन जातो. तुमच्याकडून असे पैसे जाऊ देऊ नका.

डिझेल इंजिनाचं गणित वेगळं. त्यात ठिणगी नसतेच, ते बंद करायला डिझेलचा पुरवठा तोडावा लागतो. त्यामुळे ज्या नावेवर डिझेल इंजिन बसवलेलं आहे तिथे ही क्लिप सरळ बसत नाही, पुरवठा तोडणारा वेगळा सॉलेनॉइड लावून घ्यावा लागतो आणि ते काम जाणत्या मेकॅनिकचं आहे. सावकाश चालणारी जड लाकडी नाव असेल तर मी आधी पैसे लाइफ जॅकेटवर आणि माणसं मोजून बसवण्यावर खर्च करायला सांगेन. दोरीचा खरा जीव आहे तो हलक्या, वेगवान बोटीत.

माणूस पडला, बोट पुढे गेली. मग?

माझ्या बायकोने पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "पडला तर पडला, बोट पुढे जाईल, लाइफ जॅकेट आहे की." मलाही आधी असंच वाटायचं.

बोट सरळ पुढे जात नाही. टिलर किंवा स्टिअरिंग सुटलं की फिरणाऱ्या पंख्याच्या जोराने इंजिन स्वतःच एका बाजूला वळतं आणि बोट गोल गोल फिरायला लागते. आणि तो गोल कुठे असतो? जिथे माणूस पडला, साधारण तिथेच. म्हणजे बोट परत त्याच्याच अंगावर येते, पुन्हा येते, पुन्हा येते. इंग्रजीत याला मृत्यूचं वर्तुळ म्हणतात, आणि हे नाव उगाच दिलेलं नाही.

आता पंख्याचा हिशोब करा. समजा पंखा मिनिटाला १,५०० फेरे घेतोय. म्हणजे सेकंदाला २५. पाती तीन. म्हणजे एका सेकंदात एकाच जागेवरून ७५ पाती जातात. कडबाकुट्टीत हात गेलेला माणूस आपल्या तालुक्यात तुम्ही पाहिला असेल, तेवढं आठवलं तरी पुरे. वेगाचंही बघा. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला आठ मीटरपेक्षा जास्त. पाण्यातला माणूस सेकंदाला एक मीटर पोहला तरी खूप झालं. तो बाजूला होऊच शकत नाही.

आणि हे कागदावरचं नाही. ५ मे २०१३ ला इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल भागात पॅडस्टोजवळच्या खाडीत एक कुटुंब स्वतःच्या स्पीडबोटीत फिरत होतं. आई, वडील, चार मुलं. वळण घेताना सहाच्या सहा जण पाण्यात फेकले गेले. बोट रिकामी, इंजिन चालू. ती गोल फिरत त्यांच्यावरून गेली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी गेली, आईला एक पाय गमवावा लागला. तिथल्या सागरी अपघात तपास विभागाने चौकशी केली. बोटीला किल कॉर्ड होती. चालवणाऱ्याच्या अंगाला ती लावलेली नव्हती. शेवटी दुसऱ्या बोटीतून एका माणसाने जीव धोक्यात घालून त्या फिरत्या बोटीत उडी मारली तेव्हा ती थांबली.

अमेरिकेने तर कायदाच केला. १ एप्रिल २०२१ पासून तिथे २६ फुटांपेक्षा लहान आणि ३ हॉर्सपॉवर किंवा जास्त इंजिनाची बोट वेगात चालवताना ही दोरी किंवा तिचा वायरलेस प्रकार लावणं बंधनकारक आहे. बंद केबिनमधून चालवायची बोट असेल तर सूट. ३ हॉर्सपॉवर म्हणजे किती, तर आपल्या शेतातल्या छोट्या मोटरीएवढी. एवढ्या लहान इंजिनालासुद्धा त्यांनी सोडलं नाही.

आपल्याकडच्या दोन घटना कमेंटमध्ये बऱ्याच जणांनी लिहिल्या, म्हणून त्यांच्याबद्दल स्पष्ट बोलतो. १५ जानेवारी २०१९ ला, संक्रांतीला, धडगाव तालुक्यात भुषा इथे नर्मदेत बोट उलटली आणि आपल्याच जिल्ह्यातली माणसं गेली. ती क्षमतेपेक्षा जास्त भरलेली बोट होती. तिथे किल स्विचने काहीही फरक पडला नसता. तिथे फरक पडला असता माणसं मोजण्याने आणि लाइफ जॅकेटने. उगाच प्रत्येक अपघाताला माझं औषध लावायला मी बसलेलो नाही.

दुसरी, १८ डिसेंबर २०२४, मुंबई. नौदलाची स्पीडबोट इंजिनाच्या चाचणीवेळी नियंत्रण सुटून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली, १३ पेक्षा जास्त जीव गेले. तिथेही दोरी होती-नव्हती यावर मी बोलत नाही. पण त्या बातमीनंतर मला एकाने विचारलं की थ्रॉटल अडकला तर आपल्या छोट्या बोटीत काय करायचं? हे या दोरीचं दुसरं काम. एक्सलरेटर अडकला, गिअर निघेना, समोर घाट दिसतोय, तर विचार न करता दोरीला हिसका द्यायचा. चावी शोधायची नाही, बटण शोधायचं नाही. हात आपोआप दोरीवर गेला पाहिजे आणि त्यासाठी दोरी अंगावर पाहिजे.

"साहेब, मला पोहता येतं"

दोन वर्षांपूर्वी मी मुलीला घेऊन एका धरणावर बोटिंगला गेलो होतो. नाव घेत नाही. ती सहा वर्षांची होती, पुढे बसली, खूश. बोट निघाली आणि मी पाहिलं की लाल दोरी स्टिअरिंगशेजारच्या खिळ्याला व्यवस्थित गुंडाळून लटकवलेली आहे. क्लिप खटक्यात, पट्टा खिळ्यावर. मी म्हटलं, "दादा, ती पायाला लावा ना." तो हसला. "साहेब, मला पोहता येतं."

तो चांगला पोहणारा असेलच, नदीकाठचा माणूस. पण तो पडला असता तर बोटीत मी, माझी बायको, माझी मुलगी आणि एक चालू इंजिन एवढेच राहिलो असतो, आणि मला त्यातलं एकही लिव्हर माहीत नव्हतं. ती फेरी दहा मिनिटांची होती. मी एक हात मुलीच्या जॅकेटला धरून बसलो आणि आम्ही परत कधी तिथे गेलो नाही. त्या मालकाला कळलंही नसेल की त्याचं एक गिऱ्हाईक का तुटलं. धंदा करणाऱ्याने हे लक्षात घ्यावं म्हणून सांगतोय. गिऱ्हाईक भांडत नाही, नुसतं येत नाही.

चालक दोरी का लावत नाही हेही समजून घ्या, नुसतं रागावून उपयोग नाही. पंधरा मिनिटांची फेरी, दिवसाला वीस-पंचवीस फेऱ्या. प्रत्येक वेळी काठाला लागलं की त्याला उठून दोर बांधायचा, म्हाताऱ्या आजींना हात द्यायचा. दोरी पायाला असेल तर उठताना विसरतो, इंजिन बंद पडतं, लोक हसतात. मग तो वैतागून खिळा ठोकतो. किंवा केबल टाय.

यावर मी आमच्या दुकानाची रीत सांगतो. शटरची किल्ली आमच्याकडे खिळ्याला नसते, माणसाच्या कंबरेला असते. तसंच करा. दोरी चालकाच्या लाइफ जॅकेटच्या कडीला कायमची अडकवून टाका. दोरी म्हणजेच किल्ली. तो बोटीत बसला की क्लिप खटक्यात घालतो, उतरायच्या आधी काढतो, इंजिन आपोआप बंद, आणि दोरी त्याच्याबरोबर काठावर. याने तीन गोष्टी एका दमात होतात. त्याला जॅकेट घालावंच लागतं, माणसं चढता-उतरताना पंखा फिरत नसतो, आणि मागे राहिलेल्या बोटीत एखादं पोरगं चढून इंजिन चालू करू शकत नाही. पहिले चार दिवस कुरकुर होईल. नंतर सवय.

कुठे बांधायची यावर वाद असतात. स्टिअरिंगची बोट असेल तर गुडघ्याच्या वर मांडीला पट्टा फिरवून दोरीलाच अडकवणं सगळ्यात पक्कं, कारण मनगटाची दोरी स्टिअरिंगभोवती गुंडाळते. टिलरची, मागे बसून हाताने चालवायची बोट असेल तर मनगट किंवा जॅकेट चालतं. शर्टाच्या बटणाला, खिशाला, चावीच्या कडीला लावलेली मी पाहिली आहे. ते न लावल्यासारखंच आहे, बटण तुटतं आणि क्लिप जागेवरच राहते. दोरी आखूड वाटते म्हणून तिला सुतळी जोडून लांब करू नका. लांब केली की माणूस पाण्यात पडून पंख्यापर्यंत गेला तरी ती ताणलीच जात नाही.

बोटीत दुसरी दोरी हवीच. याचा विचार फार कमी जण करतात. चालक पाण्यात पडला, इंजिन बंद झालं, छान. पण क्लिप त्याच्याबरोबर पाण्यात गेली. आता बोटीतल्या माणसाला त्याला आणायला जायचं तर इंजिन चालूच होणार नाही. म्हणून तशीच दुसरी दोरी प्रथमोपचाराच्या डब्यात ठेवा, आणि मदतनीसाला ती कुठे आहे ते दाखवून ठेवा. सगळ्या कंपन्यांच्या क्लिपा एकसारख्या नसतात, तेव्हा घेताना आपल्या खटक्यात बसवून बघा.

आणि नांगर. इंजिन बंद पडलेली बोट पाण्याच्या हातात असते. आपल्या प्रकाशाला हे जास्त लागू आहे. वर हतनूरचे दरवाजे उघडले की खाली सारंगखेडा आणि प्रकाशा बॅरेजचेही उघडतात आणि पात्राला ओढ येते. त्या दिवसांत बोट पाण्यात टाकायचीच नाही, हा पहिला नियम. पण एरवीसुद्धा नांगर आणि दोर पुढे मोकळा पडलेला असावा, पोत्याखाली दाबून ठेवलेला नको.

रोज सकाळचं एक मिनिट

पहिल्या फेरीआधी काठाला बोट बांधलेली असताना, गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू करा आणि दोरी ओढा. इंजिन लगेच बंद झालं पाहिजे. क्लिप परत बसवा, चालू करा. झालं. एखाद्या दिवशी बंद झालं नाही तर त्या दिवशी तिकीट फाडायचं नाही, मग बाहेर रांग असली तरी. ही परीक्षा भर वेगात घेऊ नका. एकदम इंजिन तोडलं की मागची लाट बोटीच्या मागच्या बाजूवरून आत येते, आणि बसलेली माणसं पुढे आपटतात.

आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात प्लास्टिकची बादली फुटते तिथे ही क्लिप काय टिकणार. दोरीचा लाल रंग उडून गुलाबी पडला, गुंडाळी सैल झाली, क्लिपला चीर दिसली की बदला. दोरीची किंमत काही शे रुपयांत जाते, इंजिन लाखात. रात्री दोरी बोटीत ठेवूच नका, जॅकेटबरोबर घरी न्या. खटक्यात गाळ आणि गंज जातो, त्यावर महिन्यातून एकदा मेकॅनिकची नजर पडू द्या.

वायरलेस प्रकारही मिळतात. चालकाच्या अंगावर छोटा बिल्ला, तो पाण्यात गेला की सिग्नल तुटतो आणि इंजिन बंद. उठ-बस करणाऱ्या चालकाला सोयीचं आहे. पण महाग, बॅटरीवर चालणारं, आणि शहाद्यात दुरुस्त करून मिळणार नाही. सुरुवातीला दोरीच घ्या.

कागदपत्रांवर वेगळा व्हिडिओ करणार आहे, इथे थोडक्यात. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आता अंतर्देशीय जहाज अधिनियम, २०२१ आहे. इंजिनाच्या बोटीला नोंदणी, सर्व्हे, विमा आणि चालकाला प्रमाणपत्र या गोष्टी त्यात येतात. महाराष्ट्रात यासाठी सागरी मंडळाकडे जावं लागतं, आणि बॅरेजचं पाणी पाटबंधारे खात्याचं, त्यांचीही दारं ठोठवावी लागतात. चालकाला शिकवायचं असेल तर गोव्यात पर्यटन मंत्रालयाची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे पॉवरबोट चालवण्याचे आणि जीवरक्षणाचे कोर्स होतात. पोराला तिथे पाठवायचा खर्च प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये धरा. बँकवाला विचारेल हे कशाला, तेव्हा सांगता आलं पाहिजे.

फेरी सुटण्याआधी चालकाने प्रवाशांशी वीस सेकंद बोलावं. "मी पडलो तर इंजिन आपोआप बंद होईल, घाबरू नका. दुसरी दोरी या डब्यात, नांगर इथे, कोणी उभं राहू नका." एवढंच. लहान मुलं हमखास दोरीबद्दल विचारतात, मग आईवडील ऐकतात.

त्या मुलाचं काय झालं असं बऱ्याच जणांनी विचारलं. मी त्याला म्हटलं, विकणाऱ्याला सांग की केबल टाय काप आणि खटका चालतो का ते माझ्यासमोर दाखव. टाय कापला तर कळलं की आतली स्प्रिंगच गेलेली आहे, बटण दाबलं तरी इंजिन चालूच. म्हणजे ते इंजिन बंद करायला तो मालक पेट्रोलची नळी काढत होता. मुलाने सौदा सोडला नाही, पण नवीन खटका आणि दोन दोऱ्यांचे पैसे किमतीतून वजा करून घेतले, आणि खटका बसल्यावर, काठाला बांधून, दोरी ओढून बंद होतंय हे पाहिल्यावरच बाकीची रक्कम दिली. बोट अजून पाण्यात उतरलेली नाही, सर्व्हेची तारीख मिळायची आहे. जॅकेट मात्र घेऊन ठेवलीयत, आणि एकाच्या कडीला लाल दोरी लावून घरात खुंटीवर टांगलीय, असा फोटो परवा आला.